फाटा एकच घ्या: देझरेटचं न झालेलं राज्य कागदावर कसं उभं करायचं

धुळे-सुरत एस.टी. साक्रीला थांबते. पिंपळनेर-ताहाराबादकडे जाणारे तिथं उतरतात आणि बस पुढं दहिवेल, नवापूरला लागते. समजा एका माणसाला डुलकी लागली आणि तो उतरलाच नाही. बस तीच, ड्रायव्हर तोच, पाऊसही तोच. पण या गड्याची संध्याकाळ आता नवापुरात जाणार. तिथं त्याला ओळखणारं कोणी नाही, आणि खिशात परतीच्या तिकिटाचे पैसे आहेत का हेही बघायला हवं. न घडलेला इतिहास लिहिणं म्हणजे एवढंच: एक फाटा चुकवायचा आणि पुढं जे होईल ते इमानानं लिहायचं.

मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, शेवटची काही कालवा निरीक्षक म्हणून. निवृत्तीनंतर दिवाळी अंकांसाठी असल्या गोष्टी लिहायला लागलो. आता कॉलेजची पोरं ओट्यावर येऊन बसतात आणि विचारतात, "आप्पा, हे लिहायचं कसं?" दर वेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. उदाहरण मुद्दाम लांबचं घेतलंय, अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांचं. पानिपत घेतलं की पोरं लिहीत नाहीत, भांडतात.

खरं काय घडलं ते आधी थोडक्यात, कारण ते पाठ असल्याशिवाय खोटं लिहिता येत नाही. जोसेफ स्मिथनं १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ काढला. ओहायो, मग मिझुरी, मग इलिनॉय, असं त्यांना एकेका ठिकाणाहून उठवलं गेलं. मिझुरीच्या गव्हर्नरनं तर १८३८ मध्ये त्यांना राज्याबाहेर घालवा, नाहीतर संपवा, असा लेखी हुकूमच काढला. इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी त्यांनी नॉवू नावाचं शहर वसवलं. २७ जून १८४४ ला कार्थेजच्या तुरुंगात जमावानं जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी १८४६ मध्ये जोसेफनंतरचा पुढारी ब्रिगहॅम यंग लोकांना घेऊन निघाला आणि २४ जुलै १८४७ ला खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात पोचला. तो मुलूख तेव्हा मेक्सिकोचा. म्हणजे ही माणसं अमेरिका सोडून गेली, आणि २ फेब्रुवारी १८४८ ला मेक्सिकोशी झालेल्या तहानं अमेरिका त्यांच्या पाठोपाठ तिथं जाऊन पोचली! १८४९ मध्ये त्यांनी 'देझरेट' नावाच्या राज्याची घटना लिहिली. त्यांच्या धर्मग्रंथात या शब्दाचा अर्थ मधमाशी. नकाशा केवढा, तर आजचं युटा, जवळजवळ सगळं नेवाडा, शेजारच्या सहा-सात राज्यांचे तुकडे आणि खाली सॅन डिएगोजवळ समुद्राला हात. अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, १८५० मध्ये त्यातलं बरंच कापलं, नाव बदलून 'युटा टेरिटरी' केलं, आणि पूर्ण राज्याचा दर्जा द्यायला ४ जानेवारी १८९६ उजाडली.

आता फाटा. इथं सगळे घाई करतात. पोरांना विचारलं की उत्तर ठरलेलं: "१८५७ मध्ये अमेरिकेची फौज आली तेव्हा मॉर्मन जिंकले असते तर?" मीही पहिल्या खेपेला तेच लिहिलं होतं. चाळीस पानं. घोडे, खिंडी, बर्फ, बंदुकीचा धूर. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी ती परत पाठवली आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं, "यातली माणसं जेवतात कधी?" आठ दिवस मी त्या बाईंना मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग वही काढून हिशेब मांडायला बसलो तेव्हा कळलं, माझी फौज तिसऱ्या आठवड्यात उपाशी मेली असती.

लढाईचा फाटा वाईट, कारण लढाई हा शेवट असतो. बी कुठंतरी आधी पेरलेलं असतं. म्हणून घटनांची एक ओळ मांडा आणि प्रत्येकीला विचारा: ही घडली नसती तर नंतरच्या किती गोष्टी हलतात? देझरेटच्या ओळीत निदान चार चांगले फाटे आहेत. जोसेफ स्मिथ १८४४ मध्ये वाचला असता तर. त्याच वर्षी टेक्सास प्रजासत्ताकाशी चाललेली बोलणी पार पडून सगळे तिकडं वळले असते तर. जून १८४७ मध्ये कॅलिफोर्नियात गेलेल्या मॉर्मनांचा म्होरक्या सॅम ब्रॅनन तिथून उलटा प्रवास करत ग्रीन नदीवर यंगला भेटला आणि समुद्रकाठी चला म्हणून गळी पडला, तेव्हा यंगनं मान डोलावली असती तर. आणि चौथा, माझा आवडता: २४ जानेवारी १८४८ ला कॅलिफोर्नियात सटर नावाच्या माणसाच्या लाकूडगिरणीच्या पाटात सोनं दिसलंच नसतं तर.

पाटात! माझ्यासारख्याला तो फाटा आवडणारच. गिरणीच्या चाकाचं पाणी पुढं जाण्यासाठी खणलेल्या चारीत जेम्स मार्शलला ते कण दिसले. तिथं मजुरीला असलेल्यांत मॉर्मन बटालियनमधून, म्हणजे मेक्सिकोच्या युद्धासाठी उभारलेल्या मॉर्मनांच्या पलटणीतून, सुटलेले लोक होते, आणि त्यांच्यातल्या एकाच्या रोजनिशीमुळं ती तारीख आपल्याला माहीत आहे. त्या दिवशी पाणी गढूळ असतं तर? दहा वर्षं तरी सोनं दडून राहिलं असतं तर? कोणाचा खून थांबवावा लागत नाही, कोणाला शूर करावं लागत नाही. फक्त एक माणूस एका पाटाकडं बघून पुढं निघून गेला. फाटा असा लहान पाहिजे. आणि एकच. दुसरा घेतलात की वाचक म्हणतो, आता हा काहीही करील.

फाटा घेतल्यावर त्याचा तोटाही लिहा. हे कोणी करत नाही. सोनं नाही, म्हणजे १८४९ ची गर्दी नाही. गर्दी नाही, म्हणजे कॅलिफोर्निया १८५० मध्ये राज्याचा दर्जा मागत नाही, आणि वॉशिंग्टनला त्या वर्षी पश्चिमेचा नकाशा घाईनं कापायची गरज पडत नाही. इथवर देझरेटचा फायदा. पण खऱ्या इतिहासात त्याच गर्दीनं मॉर्मनांना तगवलं. सोन्यामागं पळणारे लोक सॉल्ट लेकला पोचेपर्यंत त्यांचे बैल थकलेले आणि गाड्या जड झालेल्या असायच्या. ते कापड, अवजारं, लोखंड मातीमोल भावानं टाकून ताजी जनावरं घ्यायचे. देझरेटनं १८४९ मध्ये अडीच, पाच, दहा आणि वीस डॉलरची सोन्याची नाणी पाडली, तेही कॅलिफोर्नियाच्याच सोन्याची. माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. नांगराचा फाळ मोडला तर नवा फाळ हजार मैलांवर. १८५० च्या खऱ्या जनगणनेत युटात ११,३८० माणसं होती. माझ्या देझरेटमध्ये मी त्याहून बरीच कमी धरली. आजच्या एखाद्या बाजारगावाएवढीही नाहीत.

एवढ्या लोकांचं स्वतंत्र राज्य होतं का? होतं, पण घोषणा करून नाही. वसुलीला कोणी आलं नाही की राज्य आपोआप स्वतंत्र असतं. आपल्याकडं हे नवीन नाही. मलिक राजानं १३८२ मध्ये थाळनेरला जम बसवला आणि फारुकींचं खानदेश १६०१ पर्यंत टिकलं, गुजरात, माळवा आणि दख्खन अशा तीन दांडग्या शेजाऱ्यांच्या मधोमध. कधी गुजरातला मान द्यायचा, कधी सोयरीक करायची, आणि असीरगडाची दारं लावून घ्यायची. तुमचं सीमेवरचं राज्य लिहायला बसाल तेव्हा आधी फारुकींचा इतिहास वाचा, मग टेक्सासचा. टेक्सास १८३६ ते १८४५ एवढंच स्वतंत्र राहिलं आणि कर्जात बुडालं. असीरगड कुठला आणि कर्ज किती, या दोन प्रश्नांत निम्मी कादंबरी असते.

आता पाणी. इथं मी रेंगाळणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढं जावं.

यंग पोचायच्या आदल्या दिवशी, २३ जुलै १८४७ ला, पुढं गेलेल्या तुकडीनं सिटी क्रीक नावाचा ओढा अडवून कडक जमिनीवर पाणी सोडलं आणि नांगर घातला. मग बटाटे लावले. झेंडा नाही, भाषण नाही, आधी बांध. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा टेबलावर हात मारला होता. त्या खोऱ्यात वर्षाला सोळा इंचांच्या आसपास पाऊस, त्यातला बराचसा बर्फ म्हणून पडतो. सरोवराचं पाणी इतकं खारट की तोंडात धरवत नाही. पिकाला पाणी डोंगरातल्या ओढ्यांचं. यंगनं सांगून टाकलं की ओढे आणि लाकूड कोणाच्या खासगी मालकीचं होणार नाही. पाणी पाळीनं मिळायचं आणि ते वाटायला नेमलेला माणूस असायचा. इंग्रजीत त्याला काहीही म्हणोत, तो आपला पाटकरी.

पांझरेवरची फड पद्धत ज्यांनी बघितली आहे त्यांना हे राज्य समजायला पुस्तक लागणार नाही. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस तर ऊस, गहू तर गहू. पाणी सोडणार पाटकरी, राखणार जागल्या, आणि भांडण मिटवणार लाभधारकांची पंचायत. सरकारी कागद नसताना शेकडो वर्षं हे चाललं. का चाललं? कारण जो पाटकऱ्याचं ऐकत नाही त्याचं शेत वाळतं. पोलीस कशाला लागतो?

म्हणून माझ्या गोष्टीचा नायक ब्रिगहॅम यंग नाही, एक पाटकरी आहे. इंग्लंडच्या गिरणीतून आलेला, कधी शेत न केलेला माणूस, ज्याच्या हातात अचानक पाट अडवणारी फळी उचलायचा अधिकार आला. हेडचा, म्हणजे पाटाच्या तोंडाशी असलेला, शेतकरी बिशपचा जावई आहे, टेलला, म्हणजे पाटाच्या शेवटी, एक विधवा आहे. पाळी कोणाची? हा एक प्रसंग नीट लिहिलात तर राज्याची घटना लिहावी लागत नाही. मोठ्या माणसाला नायक करू नका असं माझं साफ मत आहे. त्याचं सगळं आधीच छापलेलं असतं, तुम्हाला हात हलवायला जागा राहत नाही.

अंतराचा हिशेबही असाच हातानं करा. विल्यम क्लेटन नावाच्या कारकुनाला रोजचे मैल अंदाजानं सांगितलेले पटेनात. त्यानं गाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधली आणि दिवसभर चालत फेरे मोजले. चाकाचा घेर १४ फूट ८ इंच, म्हणजे ३६० फेऱ्यांचा बरोबर एक मैल. एका दिवशी ४,०७० फेरे झाले, म्हणजे सव्वाअकरा मैल आणि वर वीस फेरे. मग कंटाळून त्यांनी लाकडी दात्यांचं मोजणी-यंत्रच बसवलं. विंटर क्वार्टर्स या मिझुरी नदीकाठच्या हिवाळी तळापासून खोऱ्यापर्यंत १,०३१ मैल भरले. भुसावळहून हावड्याला जेवढं होतं त्याहून जास्त, आणि तेही बैलगाडीनं, एप्रिल ते जुलै. मी अंगणातल्या जुन्या गाडीच्या चाकाला नातवाच्या शर्टाची चिंधी बांधून फेरे मोजून बघितले. शंभरावर मोजणी चुकली. तुम्हीही करा. त्यानंतर "ते मजल दरमजल करत पोचले" असं वाक्य तुमच्या हातून उतरणार नाही.

अंतर कळलं की पंचांग मांडा. बैलांना वाटेत गवत पाहिजे, म्हणून निघायचं आखाजीच्या सुमारास, आणि डोंगरात बर्फ पडायच्या आत पोचायचं. पुढं १८५६ मध्ये गरीब लोक हातगाड्या ओढत निघाले. त्यातल्या विली आणि मार्टिन यांच्या तुकड्यांना उशीर झाला, मिझुरी नदीपासून पुढं निघायलाच त्यांना ऑगस्टचा उत्तरार्ध उजाडला. ऑक्टोबरात वायोमिंगमध्ये बर्फानं गाठलं आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तुमच्या गोष्टीत कोणालाही कुठंही पाठवायचं असेल तर आधी महिना लिहा.

एक गोष्ट टाळू नका, ती म्हणजे जमीन कोणाची होती. खोरं रिकामं नव्हतं. यूट, शोशोनी, गोशूट, पायूट ही माणसं तिथं होतीच. फेब्रुवारी १८५० मध्ये प्रोव्होजवळ मॉर्मनांनी यूटांवर हल्ला केला. ११ सप्टेंबर १८५७ ला माउंटन मेडोजला मॉर्मन शिपायांनी काही पायूट लोकांना बरोबर घेऊन कॅलिफोर्नियाला निघालेल्या काफिल्यातली सुमारे १२० माणसं मारली, आणि पुढं दोष पायूटांवर ढकलला. छळ झालेली माणसं दुसऱ्याला छळत नाहीत असा काही नियम नाही. आपल्याकडं १८२५ मध्ये आउटरम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, ती कशासाठी आणि कोणाविरुद्ध वापरली, हे सातपुड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा आणि मग देझरेट लिहा. माझ्या गोष्टीत पाटकऱ्याच्या बंधाऱ्यावर एक यूट म्हातारी येते. तिचे मासे खालच्या अंगाला येईनासे झालेत. तिला मी संवाद दिलेला नाही. पाटकऱ्याला तिची भाषा येत नव्हती, आणि मलाही येत नाही.

बहुपत्नीत्वाचं काय, हे प्रत्येक पोरगा हसत विचारतो. त्यांनी १८५२ मध्ये ते जाहीर केलं, १८९० मध्ये सोडल्याचं जाहीर केलं, आणि राज्याचा दर्जा त्यानंतर मिळाला, यात काय ते आलं. लिहायचं तर चार चुली आणि एक पिठाची कोठी असं लिहा. चघळायला घेऊ नका. हेही ध्यानात ठेवा की युटातल्या बायकांना १८७० मध्येच मतदानाचा हक्क मिळाला होता आणि १८८७ मध्ये तो काँग्रेसनं काढून घेतला. तुमच्या स्वतंत्र देझरेटमध्ये तो काढून घ्यायला काँग्रेस नसेल.

मजेचा भाग राज्याच्या कागदपत्रांचा. नाणं, मोहोर, शाळेचं पुस्तक. देझरेटची स्वतःची लिपी होती. १८५० च्या दशकात त्यांनी ३८ अक्षरं घडवली, म्हणजे डेन्मार्क-स्वीडनहून आलेल्यांना इंग्रजी उच्चाराप्रमाणं वाचता यावं. १८६८ मध्ये त्यात शाळेची पुस्तकंही छापली. आमची अहिराणी देवनागरीत सुखानं नांदते, आणि ह्यांना स्वतःची लिपी हवी! राज्य स्वतंत्र झालं की लिपी टिकेल, असं मला आधी वाटलं होतं. मग छपाईच्या खिळ्यांचा खर्च डोळ्यांपुढं आला. फाळाला लोखंड नाही तिथं छापखान्याला शिसं कुठून येणार? म्हणून माझ्या देझरेटमध्ये लिपी फक्त पाळीपत्रकावर उरते, पाटकऱ्याच्या वहीत, आणि दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही म्हणून त्याला थोडी लबाडी करता येते. खऱ्या गोष्टीचा असा उपयोग करायचा. नुसती सजावट म्हणून टांगायची नाही.

शेजारी देश विसरू नका. लहान राज्याला कोणीतरी मान्यता द्यावी लागते. मी लंडनचा विचार केला, कारण यंगच्या माणसांत इंग्लंडहून आलेले ढिगानं होते. पण अमेरिकेची फौज निघाली १८५७ च्या उन्हाळ्यात आणि त्याच उन्हाळ्यात लंडनचं सगळं लक्ष दिल्ली-लखनौकडं. इकडं त्याच वर्षी सेंधव्याच्या घाटात भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक उठला. आमच्या धरणगावचा आउटरम सप्टेंबरअखेर लखनौत अडकला. देझरेटचा दूत लंडनला जाऊन तीन महिने बाकड्यावर बसतो आणि परत येतो, एवढाच प्रसंग मी ठेवला. खानदेश गोष्टीत आणायचा म्हणून कोंबला नाही, तो तारखेबरोबर आपसूक आला. तारखांचं कोष्टक करताना शेजारी एक रकाना आपल्या मुलखाचा ठेवा, असं काही ना काही हाताला लागतं. खऱ्या इतिहासात जून १८५८ मध्ये फौज सॉल्ट लेकमधून गेली तेव्हा शहर रिकामं होतं. तीस हजारांच्या आसपास माणसं घरं सोडून दक्षिणेला गेली होती, आणि वेळ आली तर पेटवून द्यायला घरांत गवत भरून ठेवलं होतं. ते मी तसंच उचललं. एवढं चांगलं मला सुचलं नसतं.

गोष्ट झाली की छापायला पाठवायच्या आधी अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला अमेरिका माहीत नाही, पण काम माहीत आहे. माझा भाचा तिकडं सॉल्ट लेकलाच नोकरीला आहे. त्यानं वाचून "मामा, मस्त" एवढंच कळवलं, आणि रस्ते १३२ फूट रुंद आहेत, तेवढं दुरुस्त करा म्हणाला. ती दुरुस्ती केली. मग आमच्या पाटावर चाळीस वर्षं पाणी सोडलेल्या नानांना बोलावलं. ते चहा पीत, डोळे मिटून ऐकत होते. टेलच्या विधवेची पाळी येते आणि पाटकरी तिच्यासाठी रात्री फळी उचलतो, पाणी खळाळत जातं, हा माझा सगळ्यात लाडका प्रसंग. महिना मी ऑगस्ट धरला होता. नानांनी डोळे उघडले.

"आप्पा, तठे पानी बर्फनं शे ना?"

"हो."

"बर्फ तर उन्हाळामाच सरी जाई. मंग ऑगस्टमा पानी कोठून ई?"

मी वही उघडून बघितली. ओढ्यांना मोठा पूर मे-जूनमध्ये येतो, ऑगस्टात धार उरते. आता तो प्रसंग मी पुन्हा लिहितोय. पाटकरी रात्री फळी उचलतो, कंदील खाली धरतो, आणि पाटात ओली वाळू.